ससा पोरांचा, लेंड्या आईच्या



ऊस सोडून सशावर लेख म्हटल्यावर काही मंडळी हसतील. हसू द्या. आडसाली, खोडवा, ठिबक, माती परीक्षण यांवर या पानांतून पुष्कळ लिहून झाले आहे आणि पुढेही होईल. पण अलीकडे गावोगाव फिरताना उसाची नोंद झाली, चहा झाला, की ओसरीच्या कोपऱ्यात हटकून एक पिंजरा दिसतो. आत पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा ससा. पोरांच्या हट्टापायी बाजारातून आणलेला. आणि पिंजऱ्याकडे नजर गेली की घरातल्या माउलीची तक्रार ठरलेली. "अहो साहेब, ससा पोरांचा आन् लेंड्या आमच्या! सकाळी झाडलं, दुपारी झाडलं, तरी वाटाण्यागत घरभर पसरल्यात. मुताचा वास तर इचारूच नका."

तक्रार खरी आहे. पण त्यावर घरोघरी जे उपाय चालतात ते सशाच्या जिवावर बेततात. कोणी तो कमी मुतावा म्हणून पाण्याची वाटीच काढून घेतो. कोणी हातभर पिंजऱ्यात त्याला कायमचा कोंडतो. आणि कंटाळलेला एखादा, "रानातला जीव रानात बरा" असे म्हणून संध्याकाळी बांधावर सोडून येतो. त्या सशाची रात्रसुद्धा निघत नाही. कुत्री नाहीतर कोल्हे त्याला गाठतात. पांढरा रंग, पळायची सवय नाही, बीळ माहीत नाही. सोडणाऱ्याला मात्र पुण्य केल्यासारखे वाटते.

वास्तविक ससा हा घाणेरडा प्राणी नाही. एकाच जागी जाऊन मुतण्याची खोड त्याच्या रक्तातच आहे. आपण जागा चुकीची देतो आणि मग त्याला नावे ठेवतो, एवढाच सगळा प्रकार आहे.

येथे एक घोळ आधी सोडवला पाहिजे. आपल्या बोलीत ससा हा एकच शब्द. इंग्रजीत मात्र दोन प्राण्यांना दोन नावे आहेत, हेअर आणि रॅबिट. नान्नजच्या माळावर, मोहोळ-मंगळवेढ्याच्या ज्वारीत किंवा आपल्या उसाच्या फडात जो करड्या-तपकिरी रंगाचा, मानेवर काळा डाग असलेला ससा उठतो तो हेअर. तो बीळ करत नाही. गवतात किंवा ढेकळांच्या आडोशाला अंगापुरती जागा दाबून बसतो आणि कुत्रे मागे लागले की पळतो. त्याचे पिलू जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेले असते. पिंजऱ्यातला पांढरा ससा तो रॅबिट. त्याचे मूळ पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. ते जमिनीत बिळे खणून पाच-दहांच्या टोळीने राहतात आणि त्यांची पिले उघडी, आंधळी जन्मतात.

बिळात राहणाऱ्याला घर स्वच्छ ठेवावेच लागते. म्हणून ही टोळी बिळाबाहेर ठराविक ठिकाणी लेंड्यांचे ढीग करते. ते ढीग म्हणजे त्यांचा संडास आणि गावाची शीवही. इथपासून आमचे, असे वासाने सांगणारे. उघड्यावर राहणाऱ्या रानसशाला याची गरज नाही, तो चरता चरता लेंड्या टाकत पुढे जातो. १८५९ साली टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने ऑस्ट्रेलियात शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून आणलेले थोडेसे ससे सोडले आणि पुढे त्या खंडाची कुरणे सशांनी खाऊन टाकली, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. ते हेच बिळातले ससे.

हे सांगण्याचे कारण ऊसतोडीशी आहे. फड संपत आला की एखाद्या सरीत रानसशाचे पिलू सापडते आणि तोडणी कामगारांची किंवा आपलीच पोरे ते घरी आणतात. त्याला टबात मुतायला शिकवणे तर होणारच नाही, पण बहुतेक वेळा ते दूध-पाण्यावाचून दोन-तीन दिवसांत मरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा संरक्षित आहे, त्याला पाळणे हा गुन्हा आहे. पिलू एकटे दिसले म्हणजे पोरके झाले असेही नाही. सशीण दिवसभर पिलापाशी थांबत नाही, अंधार पडताना येऊन पाजून जाते. तेव्हा कोयत्याच्या वाटेतून उचलून शेजारच्या बांधावर गवतात ठेवावे आणि बाजूला व्हावे. जखमी असेल तर वनखात्याला कळवावे.

आता घरातल्या पांढऱ्या सशाकडे येऊ.

पहिली गोष्ट, मुतणे आणि लेंडी टाकणे या त्याच्या लेखी दोन वेगळ्या बाबी आहेत. मूत एका जागी, हे तो लवकर शिकतो. लेंड्याही बहुतेक तिथेच पडतात. पण निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो, त्यातल्या दहा-वीस इकडे तिकडे पडणारच. त्या कोरड्या असतात, वास नसतो, केरसुणीने जातात. तेवढे घरच्यांनी सोसावे. ज्यांना तेही नको त्यांनी ससा पाळू नये, हे माझे स्पष्ट मत.

भांडे कोणते घ्यावे? घमेले नको, ते गोल असते, डुगडुगते आणि सशाचा पाय घसरतो. डाळिंबाच्या बागा असलेल्यांकडे प्लॅस्टिकचे क्रेट पडलेले असतात, त्यातला एक घ्यावा. पुढची बाजू चार बोटे उंचीवर कापावी, कडा घासून बोथट करावी, मागच्या तिन्ही बाजू उंच राहू द्याव्यात. कारण ससा शेपूट वर करून मुततो आणि कमी उंचीच्या भांड्यात धार भिंतीवर जाते. मग बाई म्हणते, "टब आणला तरी बाहेरच करतंय." ते बिचारे आतच बसलेले असते! तळाची भोके झाकायला आत एखादा जुना ट्रे नाहीतर जाड प्लॅस्टिक घालावे. सशाला आत पूर्ण बसून वळता आले पाहिजे. पंधरा किलोच्या तेलाचा डबा आडवा कापूनही चालतो, मात्र पत्र्याची धार लोहाराकडून मुडपून घ्यावी.

आत काय घालावे याबाबत आपण सभासद नशीबवान. तळाला वर्तमानपत्राचे तीन-चार कागद आणि वर दोन बोटे जाडीचा वाळलेला बगॅस. मूत शोषून घेण्यात तो भुशापेक्षा कमी नाही. ऊसपट्ट्यात कोंबड्यांच्या शेडमध्येही तो अंथरतात. पण एक सावधगिरी. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते. तसाच पोत्यात भरून ठेवला की तो आतून तापतो आणि बुरशी धरतो. जुन्या, बुरशीच्या बगॅसची धूळ माणसाच्याही फुफ्फुसाला बाधते. त्या आजाराला वैद्यकात बगॅसोसिस असे नावच आहे. नाकाने जगणाऱ्या सशाचे काय होत असेल! म्हणून ताजा बगॅस पातळ पसरून दोन-तीन कडक उन्हे द्यावीत, हाताला ओल लागेनाशी झाली की भरावा. एका सशाला महिन्याला पोतेभर पुरेसा होतो. ज्यांना बगॅस मिळत नाही, कारण आता तो बॉयलरला आणि वीजनिर्मितीलाच लागतो, त्यांनी कडब्याची बारीक कुट्टी वापरावी. पाचट पाणी शोषत नाही आणि त्याच्या कडा कापतात, ते नको. शेंगांची टरफले आपल्या जिल्ह्यात घरोघरी, पण ससा ती चघळतो आणि बुरशी लागलेल्या शेंगेचे विष सशाला फार लवकर चढते. मांजरांसाठी दुकानात मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती तर बिलकूल नको. ती खाल्ली की पोटात तसाच गोळा होतो.

या सगळ्यावर, भांड्याच्या एका टोकाला, लांब वाळलेल्या गवताची पेंडी ठेवावी. मारवेल असो, पवना असो, चांगला हिरवट वाळलेला हवा. "संडासात जेवण?" असे विचारू नका. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. गवत जिथे, तिथे तो तासभर बसणार आणि बसेल तिथेच करणार. निम्मे शिक्षण या एका पेंडीने होते.

आता जागा. इथेच बहुतेकांचे चुकते. माणूस आपल्या सोयीचा कोपरा ठरवतो आणि ससा आपल्या सोयीचा. दोघांत भांडण झाले तर ससा जिंकतो. तेव्हा पहिले आठ-दहा दिवस त्याला घरभर मोकळे सोडू नये. पडवीचा एक तुकडा किंवा जिन्याखालची जागा पोती-फळ्या लावून अडवावी आणि दोन दिवस नुसते बघावे. तो कोणत्या तरी एकाच कोपऱ्यात मुततो. भांडे तिथे ठेवायचे. मूत पुसलेला कागद आणि मूठभर लेंड्या भांड्यात टाकायच्या, म्हणजे त्याला आपला वास सापडतो. दोन दिवसांनी त्याने कोपरा बदलला तर मुकाट्याने भांडेही हलवायचे. सवय पक्की झाली की जागा थोडी थोडी वाढवत जायची. मोठ्या घरात दोन भांडी लागतात. लहान पोराला आपण घरभर शोधत बसतो का, मोरी कुठे आहे म्हणून?

चुकला तर मारू नये, ओरडू नये, मुतात नाक घासू नये. सशाला त्यातले काही कळत नाही. माणसाला भ्यायचे एवढेच कळते, आणि भ्यालेला ससा जास्त मुततो. चुकल्या जागेचा वास मात्र घालवला पाहिजे. फिनेल ओतू नये, तो उग्र वास त्याला सोसत नाही. सशाच्या मुतात चुना असतो, वाळला की फरशीवर पांढरा थर धरतो. साबणाने तो निघत नाही, आंबटाने निघतो. पितळेची भांडी चिंचेने घासणाऱ्या आपल्या माता-भगिनींना हे वेगळे सांगायला नको. चिंचेचे पाणी, लिंबू किंवा व्हिनेगर काही मिनिटे ठेवून घासावे. भांड्यातला ओला भाग रोज काढावा, सगळे भांडे आठवड्यातून दोनदा रिकामे करावे. पण धुतल्यावर जुना मूठभर बगॅस परत टाकावा. अगदी लख्ख आणि बिनवासाचे भांडे त्याला परके वाटते.

इतके करूनही एखादे दिवशी शिकलेला ससा अचानक कुठेही मुतू लागतो. त्याची कारणे शोधावी लागतात. ससा चार-सहा महिन्यांचा असेल तर तो वयात आला आहे. नर उडी मारून मुताची पिचकारी उडवतो, आपल्या पायाभोवती घोंघावत फिरतो. मादीही कोपरे धरते. पशुवैद्यकाकडून खच्चीकरण करून घेतले की हा त्रास बहुतांशी थांबतो. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या ठिकाणी चौकशी करावी. सशाला भूल देण्याचा सराव असलेलाच डॉक्टर हवा. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचे नसते, त्याला उलटी होतच नाही. आणि हो, बाजारातून "जोडी" आणलेल्यांनी हा खर्च वाचवू नये. सशीण तीस-एकतीस दिवसांत विते आणि व्यायल्या दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. खच्ची केलेला नरही महिना-दीड महिना वेगळा ठेवावा लागतो. वर्षभराने पिंजऱ्यात किती ससे होतील, त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

वयाचा प्रश्न नसेल तर घरात काय बदलले ते बघावे. नवे कुत्रे, पाहुण्यांची गर्दी, दिवाळीचे फटाके, पिंजऱ्याची हलवाहलव. यानेही सवय मोडते, पण आठ दिवसांत परत येते. तेही नसेल तर आजार धरावा. मुतताना कुंथणे, मागचा भाग सतत ओला राहणे, मूत दाट खडूच्या पाण्यासारखे येणे ही मूत्राशयाची लक्षणे. आपल्याकडे गाई-शेळ्यांसाठी लसूणघास असतो आणि ससा तो आवडीने खातो. त्यात चुना फार. वाढत्या पिलाला चालतो, मोठ्या सशाला रोज पोटभर घातला की जादा चुना मुतावाटे बाहेर पडतो आणि कमी पाण्यावर ठेवलेल्या सशात तोच खाली गाळासारखा साचतो. पाण्याची वाटी काढून घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दोन किलोचा ससा दिवसाला पाव लिटरपर्यंत पाणी पितो आणि त्याला ते मिळालेच पाहिजे. मूत कधी तांबूस दिसले तर लगेच घाबरू नये. काही पाल्यांनी रंग येतो. दोन दिवस टिकले किंवा रक्ताचे ठिपके दिसले तर मात्र दाखवावे.

लेंड्यांकडे रोज एकदा नजर टाकावी. भरड, गोल, एकसारख्या, चुरल्यावर आत गवताचा भुसा दिसणाऱ्या लेंड्या म्हणजे सर्व ठीक. बारीक आणि कडक झाल्या तर गवत किंवा पाणी कमी पडते आहे. केसांनी ओवलेल्या माळेसारख्या आल्या तर केस गळण्याचा मोसम आहे, रोज विंचरावे. आणि बारा तास लेंडीच नाही, खाणेही बंद, ससा पाठ काढून गप्प बसलेला, तर त्याची आतडी थांबली आहेत. "उद्या बघू" म्हणून चालत नाही. ससा दुखणे लपवतो, आपल्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

याउलट, भल्या पहाटे ससा मान खाली घालून स्वतःच्या गुदाशी तोंड लावतो आणि काहीतरी खातो, हे पाहून घरचे किळस करतात. ती लेंडी नव्हे. आंधळ्या आतड्यात आंबवून तयार झालेला, तुतीच्या फळासारखा मऊ, चकचकीत घोस असतो. त्यात प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे असतात. गाय रवंथ करते तसेच हे. त्याला अडवू नये. ते घोस न खाता फरशीवर चिकटलेले किंवा शेपटीखाली लडबडलेले दिसले तर मात्र खाण्यात गोड किंवा धान्य जास्त झाले आहे.

आणि येथे आपणा सर्वांचा हात दगडाखाली आहे. ऊसकऱ्याच्या घरी पोरे सशाला काय देतात? उसाची कांडी, गुळाचा खडा, चपातीचा तुकडा. कारखान्याच्या वार्तापत्रात साखरेविरुद्ध लिहिताना पेन अडखळते, पण सशाला साखर आणि गूळ देऊ नये. त्या आंधळ्या आतड्यातले उपयोगी जंतू गोडाने बिघडतात, पोट फुगते, पातळ होते. पावसाळ्यात अशा लडबडलेल्या सशाच्या मागे माश्या अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या जिवंत ससा खातात. जनावरांच्या जखमेतल्या अळ्या आपण पाहिल्या आहेत. सशाला तेवढा वेळ मिळत नाही. गवत भरपूर, मूठभर कोथिंबीर-मेथीसारखा पाला, गाजराचा बोटभर तुकडा कधीमधी, एवढे पुरे. कोवळी ज्वारी नको, कांद्याची पातही नको.

घरगुती औषधांविषयी दोन शब्द. पोरांच्या खोकल्याचे उरलेले अमॉक्सिसिलिन सशाला तोंडाने दिले तर ते त्याला मारू शकते, त्याच जंतूंचा नाश होतो म्हणून. कुत्र्याच्या पिसवांवरचे फिप्रोनिल असलेले औषधही सशाला विषारी आहे.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की ससा मुतायच्या भांड्यातच लोळत पडतो, आणि पोरे म्हणतात सवय बिघडली. सवय बिघडलेली नसते, ओला बगॅस गार लागतो म्हणून तो तिथे जातो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांवाटे जाते. सावलीत एक शहाबादी फरशी ओली करून द्यावी, पिंजऱ्यावर ओले पोते टाकावे, हवा खेळती ठेवावी. गार जागा मिळाली की तो भांडे सोडतो. पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी पिंजरा ठेवला तर संध्याकाळी ससा सापडेलच असे नाही.

भांड्यातून निघालेल्या मालाचे काय करावे, हे तरी आपल्याला सांगायला नको. सशाच्या लेंडीत नत्र गाईच्या शेणाहून जास्त, आणि ती शेळीच्या लेंडीसारखी कोरडी असल्याने परसातल्या वांग्या-मिरचीला, कढीपत्त्याला थेट बुडाशी घातली तरी चालते. मुताने भिजलेला बगॅस मात्र तसाच घालू नये, रोप करपते. खड्ड्यात शेणाचा एक थर, त्यावर हा एक थर असे करून पाणी मारावे. गांडूळ खताचा वाफा असेल तर थोडा कुजल्यावर त्यात टाकावा, गांडुळे त्यावर तुटून पडतात. एका सशाच्या खताने उसाचा एकरी उतारा वाढेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. परसातली चार झाडे मात्र बरी येतात. खड्ड्यापर्यंतची पाटी रोज ज्या पोराने ससा मागितला त्यानेच न्यावी.